सोळा कोअर आणि टेप नंबर ५७

बाबांनी मला प्रोसेसरबद्दल पहिला प्रश्न विचारला तो २००८ च्या मे महिन्यात. घरात पहिला कॉम्प्युटर आला होता. पेंटियम ड्युअल-कोअर, एक जीबी रॅम, पांढरा मॉनिटर. बाबा त्याला शेवटपर्यंत 'टीव्ही'च म्हणत राहिले. दुकानदारानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "गुरुजी, यात दोन कोअर आहेत. म्हणजे समजा दोन कॉम्प्युटर एकाच डब्यात!" बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. काळ-काम-वेग त्यांच्या हाडात. त्यांनी लगेच विचारलं, "मंग एक काम अर्ध्या वेळात व्हते काय?"

दुकानदार हसला. मी अकरा वर्षांचा होतो, मीही हसलो. पुढे इंजिनीअरिंगची चार वर्षं झाली, पुण्यात नोकरीची सहा-सात वर्षं झाली, दर स्प्रिंटला 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट' नावाचं एक तिकीट माझ्या नावावर पडतं. प्रश्न अजून तोच आहे. एक काम अर्ध्या वेळात होतं का?

तर मंडळी, आजचा विकांत या प्रश्नावर. आणि थोडासा माझ्या एका जुन्या गुन्ह्यावर. पण तो नंतर.

आधी जरा पार्श्वभूमी. बाबा १९९३ ते २००७ मेळघाटात होते, त्यातली बरीच वर्षं सेमाडोहला. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: अमरावतीहून परतवाडा, तिथून धारणीच्या रस्त्याला लागायचं. बिहाली, घटांग करत घाट चढायचा-उतरायचा, आणि सिपना नदीच्या काठी सागाच्या जंगलात सेमाडोह लागतं. (अमरावतीतल्या ज्या इंजिनीअरिंग कॉलेजचं नाव सिपना आहे ना, ते याच नदीवरून.) आता पर्यटक तिथे वनखात्याच्या संकुलात राहतात, वाघ न दिसल्याबद्दल कुरकुरतात आणि कोलकासला जाऊन परत येतात. माझ्यासाठी मात्र ते गाव म्हणजे शाळेची कौलं, बॅटरीवरचा रेडिओ आणि रात्री लांबून ऐकू येणारा ढोल.

गाव मुख्यतः कोरकूंचं. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन. म्हणजे कोरकू म्हणजे नुसती 'माणसं'. ही भाषा मराठीची कोणीच लागत नाही, मुंडा कुळातली आहे. तिचे नातेवाईक झारखंड-ओडिशाकडे, संथाली, मुंडारी वगैरे. बदलून आलेल्या मास्तरला पहिले सहा महिने वर्गातली पोरं काय बोलतात तेच कळायचं नाही. बाबांनी मात्र एक गोष्ट केली, ती म्हणजे ऐकणं. एक फिलिप्सचा टेपरेकॉर्डर होता, तो खांद्याला लावून ते संध्याकाळी कोणाकोणाच्या ओसरीवर बसायचे. म्हाताऱ्यांच्या गोष्टी, होळीची गाणी, गादली-सुसूनचं नाच-गाणं, बाया कांडता कांडता म्हणतात ती गाणी. कुठल्या संशोधनासाठी नाही, पीएचडीसाठी नाही. "पोट्टेहो, तुमची भाषा मले येत नाय, तं मले शिकवा," एवढंच.

अशा १४३ कॅसेट जमल्या. ९६ साठ मिनिटांच्या, ४७ नव्वदच्या. प्रत्येकीवर बाबांच्या मास्तरी अक्षरात नंबर, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव. रिटायर झाल्यावर या सगळ्या अमरावतीच्या घरी लोखंडी कपाटात होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात बाबांनी एक उघडली तर टेपवर पांढरी बुरशी. त्यांचा फोन आला. जास्त काही बोलले नाहीत. "या टेपा आता जाऊन रायल्या," एवढंच.

आणि इथे माझ्यातला हार्डवेअर-वेडा जागा झाला.

खरं सांगायचं तर तो जागाच होता. दोन महिने मी रायझन ९०००चे रिव्ह्यू वाचत होतो आणि खरेदीसाठी एखादं उदात्त कारण शोधत होतो. वडिलांच्या कॅसेटी वाचवणं! याहून उदात्त काय असणार? बायकोलाही नाही म्हणता येईना. (ती म्हणाली, "कॅसेट वाजवायला सोळा कोअर लागतात?" मी म्हटलं, तुला प्रोसेसिंग कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.)

आता जरा इतिहास, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. २००४ पर्यंत आपल्या धंद्यात एक सुख होतं. प्रोग्राम हळू चालतोय? थांबा दीड-दोन वर्षं, नवा प्रोसेसर येईल, तोच प्रोग्राम आपोआप जोरात पळेल. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी व्हायचं, म्हणून तेवढ्याच उष्णतेत जास्त गिगाहर्ट्झ मिळायचे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हे मांडलं होतं. मग एका टप्प्यावर व्होल्टेज आणखी खाली येईना, गळती वाढली, आणि चिप नुसती तापायला लागली. पेंटियम ४ रखडत ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर केलेला, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्दच करून टाकला. २००५ मध्ये हर्ब सटरनं एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्याचा आशय एवढाच की फुकटचं जेवण संपलं, आता प्रोग्रामरनी स्वतः हात हलवा.

वेग वाढत नाही ना, मग डोकी वाढवा. २००५ मध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ आणि इंटेलचा पेंटियम डी आले, जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ, २००७ च्या सुरुवातीला क्यू६६००. हा चार कोअरवाला म्हणजे खरं तर दोन-दोन कोअरच्या दोन चिप्स शेजारी बसवलेल्या. त्यावरून एएमडीवाले तेव्हा चिडवायचे की आमचा चौघांचा संसार अस्सल, तुमचा चिकटवलेला. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, इंटेलनं हेच 'चिकटवलेलं' बोलणं एएमडीच्या सर्व्हर चिपबद्दल ऐकवलं. आज दोघंही चिकटवतात. मी घेतलेला रायझन ९ ९९५०एक्स म्हणजे आठ-आठ कोअरचे दोन तुकडे आणि इनपुट-आउटपुटचा तिसरा, असे तीन तुकडे एका हिरव्या पाटीवर. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला. १६ कोअर, ३२ थ्रेड.

दुसरीकडे इंटेलचा अल्ट्रा ९ २८५के होता, ऑक्टोबर २०२४ चा. त्यात २४ कोअर, पण आठ मोठे आणि सोळा छोटे, आणि हायपरथ्रेडिंग काढून टाकलेलं. कागदावर आकडा मोठा. पण मला सारख्याच ताकदीचे कोअर हवे होते, आणि दुसरं म्हणजे मदरबोर्ड. एएमडीनं एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं जाहीर केलंय. एएम४चा अनुभव चांगला: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षं एकच बोर्ड! आपल्याकडे लोक स्कूटर जितकी वर्षं वापरतात तितका बोर्ड वापरता आला पाहिजे, असं माझं मत आहे. लोक प्रोसेसरवर तासन्‌तास भांडतात आणि बोर्ड 'जो स्वस्त असेल तो' घेतात. मग १७० वॅटचा प्रोसेसर, जो प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत ओढू शकतो, तो कुठल्यातरी फालतू व्हीआरएमवर बसतो, आणि अमरावतीच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत तो व्हीआरएम गरम होऊन प्रोसेसरला म्हणतो, दादा, हळू.

तर एक्स८७०चा बोर्ड घेतला, आणि दिवाळीत सगळे खोके घेऊन अमरावतीला गेलो. बाबांच्या खोलीत सतरंजी अंथरली. आई म्हणाली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तरी स्क्रू-ड्रायव्हर नको. मी म्हटलं, हीच लक्ष्मी आहे, दीड लाखाची. नंतर वाटलं, आकडा सांगायला नको होता.

बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले. परीक्षा घेतल्यासारखे.

"ह्या चार जागा काय्‌च्या?"

"रॅमच्या."

"मंग दोनच काऊन भरल्या?"

हा प्रश्न भल्याभल्यांना पडत नाही. चारही जागा भरल्या की डीडीआर५ हळू होते. या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर ५६०० चा अधिकृत वेग आहे, चार पट्ट्यांवर तो ३६०० वर येतो. म्हणून ३२-३२ च्या दोनच घेतल्या. बाबांना सांगितलं, एका बाकावर दोन पोरं बसली तर लिहितात, चार बसवली तर कोपर लागतं. त्यांना पटलं.

सॉकेटमधल्या १७१८ पिना बघून त्यांनी चष्मा पुसला. पूर्वी पिना प्रोसेसरला असायच्या, वाकल्या तर नुकसान प्रोसेसरचं. आता त्या बोर्डावर आहेत. मी श्वास रोखून प्रोसेसर ठेवला, पट्टी लावली, कूलर बसवला, बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं. इथे ज्यांनी डीडीआर५ची मशीन जोडली आहे ते हसतील. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी सूर जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. मला हे माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी दीड लाख काळे पडलेले बघताना वाचलेलं काही आठवत नाही. तिसऱ्या मिनिटाला बाबांनी हळूच विचारलं, "बिघडलं काय?" आणि चौथ्या मिनिटाला लाईट गेली.

अख्ख्या गल्लीतून "ओऽऽ" असा आवाज आला. यूपीएस अजून खोक्यातच होता. वीस मिनिटांनी लाईट आली, ट्रेनिंग पहिल्यापासून. शेवटी एकदाची बायोसची पाटी दिसली तेव्हा मी सतरंजीवर आडवा झालो. बाबा म्हणाले, "चला, पास झालं."

आता काम. कॅसेट डिजिटल कशी करतात? डेकमध्ये कॅसेट घालायची, डेकची वायर ऑडिओ इंटरफेसला, इंटरफेस यूएसबीनं कॉम्प्युटरला, आणि प्लेचं बटण दाबायचं. मग बसायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात. हो, तेवढीच. फाईल कॉपी करतोय असं नाही. टेप हेडवरून सरकते तेव्हाच आवाज तयार होतो, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर या वेगानंच सरकते. बर्र, दुप्पट वेगानं फिरवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये सावकाश केली तर? करून पाहिलं. वरच्या पट्टीतला आवाज मातीत गेला, बासरी तर गायबच. शिवाय प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा छोटा स्क्रू फिरवून कोन जुळवावा लागतो, नाहीतर सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं. बुरशीवाल्या आधी पुसाव्या लागतात.

९६ तास आणि साडेसत्तर तास. एकूण साडेसहासष्ट आणि शंभर, म्हणजे १६६ तास ३० मिनिटं. हे माझ्या सोळा कोअरच्या यंत्रानं काय केलं असेल? काही नाही. टास्क मॅनेजरमध्ये ३२ चौकोन, सगळे आडवे झोपलेले. हे काम पहिल्या पेंटियमवरही होतं.

मग सोळा कोअरचं काम कुठे होतं? टेपची खरखर काढणं, आवाज सारखा करणं. त्यासाठी मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या रात्री मोठ्या कौतुकानं बाबांना बोलावलं, चालू केली, आणि टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर दिसतोय तीन टक्के! बत्तीस चौकोनांतला एक भरलेला. बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकच पोट्टं लिहून रायलं, बाकीचे नुसते बसले हायेत." वर्गाची पाहणी एका नजरेत. (पायथनचं ते प्रसिद्ध कुलूप, जीआयएल. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीसोबत ते काढलेली प्रायोगिक आवृत्तीही आली. मी थ्रेड सोडून वेगवेगळ्या प्रोसेस केल्या आणि मग सगळे चौकोन भरले. दहा वर्षं कॉम्प्युटरमध्ये घालवलेल्या माणसानं पहिल्याच वेळी करायला हवं होतं ते.)

जुन्या चार कोअरच्या लॅपटॉपवर सगळ्या कॅसेटींच्या सफाईला अंदाजे सहा तास लागले असते. नव्यावर चाळीस मिनिटं. नऊ पट वेग! केवढा आनंद झाला. मग हिशेब मांडला. आधी: साडेसहासष्टाधिक शंभर अधिक सहा, एकूण १७२ तास ३० मिनिटं. आता: १६७ तास १० मिनिटं. म्हणजे दीड लाख खर्चून सगळं काम तीन टक्क्यांनी लवकर झालं. आणि सोळाच्या जागी सोळाशे कोअर लावले, सोळा लाख लावले, तरी १६६ तास ३० मिनिटांच्या खाली येणार नाही.

ज्याला कॉलेजात 'अ‍ॅमडालचा नियम' म्हणून पाच मार्कांसाठी पाठ केला होता, तो हाच. जीन अ‍ॅमडालनं १९६७ मध्ये मांडलेला. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तोच शेवटी तुमची मर्यादा ठरवतो. वऱ्हाडात हे आईला जास्त चांगलं कळतं. रोडग्यांचा कार्यक्रम असला की कणिक मळायला दहा बाया, वांगे चिरायला दहा माणसं, पण रोडगा गोवऱ्यांच्या आरात जेवढा वेळ भाजायचा तेवढा भाजतो. तिथे माणसं वाढवून काय करता? हात भाजून घ्या फार तर.

सेमाडोहच्याच जंगलात याच्या उलट उदाहरण आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या नऊांपैकी. आता वाघ मोजायला झाडांवर कॅमेरा ट्रॅप लावतात, समोरासमोर दोन, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे आणि उजव्या अंगाचे वेगळे. २०१८ च्या देशभराच्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि त्यातून ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. बाकी चितळ, सांबर, रानडुक्कर, गाई, माणसं. हे वेगळं करायला सॉफ्टवेअर वापरलं. इथे कोअर वाढवा, काम तितकं लवकर होतं, कारण एका फोटोला दुसऱ्याची वाट बघायची नसते. त्याच जंगलातून आलेले फोटो सोळा रांगांत वाटता येतात, आणि त्याच जंगलातला आवाज वाटता येत नाही. अर्थात दुसरा डेक आणला तर? आणला. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून, पट्टा बदलून. तेव्हा खरा वेग दुप्पट झाला. अडीच हजार रुपयांत! बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

असो. आता गुन्ह्याकडे.

टेप नंबर ५७. बाजू ब. बाबांच्या अक्षरात तारीख २००१ ची, आणि एका बाईचं नाव, पुढे 'पाऊस यायच्या आधीचं गाणं, मोठं'. मी पुण्याला परत यायच्या आदल्या रात्री ती डेकमध्ये टाकली आणि दुसऱ्या खोलीत गेलो. थोड्या वेळानं बाबांची हाक आली. स्पीकरमधून एका पोराचा आवाज येत होता. "और ये लगा सचिन का चौका! सचिन पहुँच गए हैं ब्यानवे पर..."

मीच. नऊ वर्षांचा. २००६ चा असणार. सेमाडोहच्या घरात बसून, मनातल्या मनात चाललेल्या मॅचची कॉमेंट्री. समोर दिसली ती कॅसेट घातली, लाल बटण दाबलं. तोंडानं प्रेक्षकांचा आवाजही काढलाय. अकरा मिनिटं. सचिन ९८ वर असताना आईची हाक येते, "जेवाले ये रे!", खट्ट, आणि त्याच्यापुढे लगेच, मधूनच, त्या बाईचं गाणं सुरू होतं. एक मिनिट चाळीस सेकंद. मग ती खोकते, हसते, काहीतरी म्हणते, संपलं.

बाबा काहीच बोलले नाहीत. कपाटातून वही काढून ५७ समोर 'अपूर्ण' लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ती बाई २०१४ मध्ये गेली होती. तिचा नवरा, ढोलवाले आजोबा, सेमाडोहला अजून आहेत. दर वेळी बाबा भेटले की विचारायचे, "गुरुजी, हमारी बुढिया की टेप?"

खरं सांगू? त्या प्रोसेसरची खरी परीक्षा त्यानंतर झाली. पुढचे चार महिने दर शनिवार-रविवार मी त्या अकरा मिनिटांच्या मागे होतो. आमच्या टेपरेकॉर्डरचं पुसायचं हेड म्हणजे साधं चुंबक होतं, स्वस्तातलं. वाटलं, टेपच्या कडेला जुन्या आवाजाची एखादी चीर राहिली असेल. हेड वर-खाली करून एकाच टेपच्या पाच-सहा आवृत्त्या घेतल्या. आवाज वेगळे करणारी मॉडेल चालवली, रात्र-रात्र सोळाच्या सोळा कोअर शंभर टक्क्यांवर, रिमोटनं पुण्याहून. अमरावतीत बाबा सकाळी फोन करून सांगायचे, "अबे, रातभर पंखा घुंऊ करून रायला." शेवटी ईको मोडमध्ये १०५ वॅटवर आणला. वेगात फार फरक पडला नाही, बाबांची झोप परत आली. (हे सगळ्यांनी करा. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी भट्टी कशाला?)

कॉमेंट्रीच्या पोटात, मी श्वास घ्यायला थांबतो तिथे, अगदी खाली काहीतरी आहे. आहे असं मला वाटतं. आणि एका रात्री मॉडेलनं खरोखर एक बाईचा आवाज काढून दिला. सलग, गोड. माझ्या अंगावर काटा आला. बाबांना पाठवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, "हे कोरकू नोहोय. हे काहीच नोहोय."

बरोबर होतं त्यांचं. मॉडेलनं ऐकलेल्या हजारो आवाजांवरून 'बाईचा आवाज साधारण असा असतो' हे गाऊन दाखवलं होतं. टेपवर नव्हतं ते. मी फाईल डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही.

२०२५ ची होळी मार्चच्या तेरा तारखेला होती. मेळघाटात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. चार-पाच दिवस चालते, बाहेर कामाला गेलेले लोक गावी येतात, रस्त्यात दोरी धरून फगवा मागतात. आम्ही दोघं गेलो. सोबत काय होतं? माझा मोबाईल आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. सगळ्या फाईली त्यात. सोळा कोअर अमरावतीला टेबलाखाली.

घटांगच्या पुढे रेंज गेली. गावात आम्हाला फगव्याचे शंभर रुपये पडले. आजोबा ओसरीवर होते. डोळ्यांना कमी दिसतं आता, पण बाबांचा आवाज ओळखला. गावच्या मुंड्याकडे हात करून दाखवला. कोरकू लोक माणूस गेल्यावर सिडोलीचा विधी करतात आणि सागाच्या कोरलेल्या खांबावर त्याची खूण ठेवतात, त्याला मुंडा म्हणतात. बुढियाही तिथे आहे, म्हणाले.

मी फोन काढला. ते एक मिनिट चाळीस सेकंद लावले.

ते हलले नाहीत. उजव्या हाताची बोटं मात्र मांडीवर पडायला लागली, ठेक्यात. खोकल्याच्या जागी हसले. आतून सून आली, दोन पोरं आली. संपल्यावर म्हणाले, "आगे का?" म्हणजे सुरुवातीचं. "गाना तो बडा था."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं मीच होतं. सांगितलं, मोडक्या हिंदीत. की आजोबा, मी लहान होतो, त्याच्यावर माझं बोलणं भरलं, ते गेलं, आता येत नाही. मशीन आणली, फार प्रयत्न केला. मशीनचं कशाला सांगत होतो कोण जाणे.

"तेरा बोलना है उसमें?"

"हो. है."

"सुना."

म्हणून ती अकरा मिनिटं लावली. सेमाडोहच्या ओसरीवर, होळीच्या दिवशी, दहा-बारा माणसांत, माझी कॉमेंट्री. पोरं पोट धरून हसत होती. मी जमिनीकडे बघत होतो. ब्यानवे, छियानवे, अट्ठानवे, आईची हाक, खट्ट, आणि बुढियाचा आवाज. आजोबांनी सगळं ऐकलं, शेवटचं हसूसुद्धा. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं,

"फिर? सचिन की सेंचुरी हुई के नहीं?"

मी म्हटलं, "हुई."

"अच्छा," म्हणाले. "फिर से लगा. बुढियावाला."

सात वेळा लावलं. आठव्या वेळी त्यांनी आधीच तोंड उघडलं आणि सुरुवातीचं स्वतः म्हणायला लागले, तुटक, मध्येच थांबत, एक ओळ दोनदा. बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि विचारलं, "रेकॉर्डिंगचं बटण कोणतं बे यात?" मी दाखवलं. सहा मिनिटं झाली. आजोबा म्हणाले की एवढंच आठवतं, बाकी पलीकडच्या पाड्यावर तिची बहीण आहे, तिला येत असेल. ती त्या दिवशी भेटली नाही.

आता पुढचं मोठं काम लिहून काढायचं आहे. बोललेलं लिहून देणारी मॉडेल मराठी बऱ्यापैकी लिहितात. कोरकू टाकलं की बेधडक मराठीसारखं काहीतरी ठोकून देतात. म्हणून बाबाच लिहितात. देवनागरीत कोरकू, खाली मराठी अर्थ, अडलेल्या शब्दाला पेन्सिलीनं गोल. एक तासाच्या टेपला आठ-नऊ तास. तो आकडा १६६ नं गुणायचं मी टाळतो. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत.

आठ कोअरचा ९७००एक्स पुरला असता, हे कबूल. पैसे वाचले असते त्यात आणखी तीन डेक आले असते. पण बोर्ड चांगला आहे, तो राहील.

कालच बाबांचा फोन आला होता. दुसऱ्या डेकचा पट्टा परत सैल झालाय, तेव्हा सध्या एकावरच चाललंय. टेप नंबर ९१, बाजू अ. मी विचारलं, किती राहिलं? म्हणाले, "थांब ना बाप्पा. आत्ताच त लावली."